मोठ्या जावयाचं ॲव्हरेज

गोवर्धन गुरुजींच्या पोटात दुखायचं ते खाण्याने नव्हे, हॉर्नने.

दर रविवारी सकाळी एक निळी गाडी जव्हारच्या त्यांच्या आळीत शिरायची, खिडकीखाली दोनदा हॉर्न वाजवायची आणि न थांबता दाभोशाच्या रस्त्याला लागायची. गाडी हेमंतची. हेमंत म्हणजे गुरुजींचा धाकटा साडू, मोखाड्याला कारकून. दोघांची सासुरवाडी दाभोशाची. मोखाड्याहून दाभोशाला जायचं तर जव्हारवरून जावं लागतं, हा भूगोल गुरुजी स्वतः चौथीच्या वर्गाला शिकवत होते. पण आपल्याच खिडकीखालून जावं लागतं, असं त्या भूगोलात कुठे लिहिलेलं नव्हतं.

बरं, गुरुजींकडे गाडी नव्हती असं नाही. त्यांचीही होती, पांढरी. हेमंतच्याच गाडीच्या कंपनीची, तिच्याच वर्षाची, आणि दोघांनीही जुनीच घेतलेली. पण सासऱ्यांना, म्हणजे मधुबाबांना, काही लागलं की निरोप जायचा तो मोखाड्याला. बियाणं आणायचंय, बोलवा हेमंतरावांना. सासूबाईंचा गुडघा डॉक्टरला दाखवायचाय, बोलवा हेमंतरावांना. म्हशीचं औषध संपलंय, तरी हेमंतराव. त्यातला तो 'राव' गुरुजींना फार झोंबायचा. त्यांना सासरी सगळे 'गुरुजी' म्हणत. पण गुरुजी तर बाजारातला वांगीवालाही म्हणतो. जावई म्हणून त्यात उरलं काय?

"बोलवत नाहीत ते बरंच आहे की," त्यांची बायको आशालता म्हणायची. "रविवारी घरी पडून तरी राहता."

"अगं, पण मी मोठा जावई आहे."

"मग मोठे जावई, तेवढं दळण घेऊन या."

या सगळ्याचं मूळ गाडीच्या टायरमध्ये होतं. गाडी घेतली तेव्हा गुरुजींनी तिला भिवंडीहून रुंद, खोल खाचांचे, जीपला शोभतील असे टायर बसवून आणले होते. पावसाळ्यात चिखलात रुतायला नको, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की त्या टायरांवर गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायची. मात्र छाती काढून चालणाऱ्याला भूक जास्त लागते. लिटरला अकरा किलोमीटर, तेही वारा पाठीमागून असेल तर. इकडे हेमंतने नवे रेडियल टायर टाकले आणि सासरी जाहीर केलं, "बाबा, माझी आता वीसला जाते." मधुबाबांना जावयांच्या पगारात रस नव्हता, ॲव्हरेजमध्ये होता. कारण सासरच्या कामाला गाडी निघाली की तेल तेच घालत. फुकट कुणाचं घ्यायचं नाही आणि फुकट कुणाला घालायचं नाही, असा माणूस.

"गुरुजींची गाडी लई तेल खाते," ते एकदा भर पंगतीत म्हणाले होते. गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला होता.

अशात मेहुण्याचं, हरेशचं, लग्न ठरलं. नवरी मोखाड्याकडची. दोन्ही जावई, दोन्ही लेकी दाभोशाला जमल्या. जेवणं झाल्यावर मधुबाबांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"नवरदेव गाडीत बसून जाणार. गाड्या दोन हायेत, नवरदेव एक हाय. तेल मी घालणार. जी गाडी कमी तेल खाईल तिच्यात हरेश बसंल."

"बाबा, अशा ठिकाणी मान मोठ्या जावयाचा असतो," गुरुजी म्हणाले.

"मान हाय ना. टाकीत मान वतून गाडी चालत असंल तर तुमचीच काढा."

सगळे हसले. आशालताही हसली, ते गुरुजींनी बरोबर टिपून ठेवलं.

"आणि जी गाडी ठरंल," मधुबाबा पुढे म्हणाले, "तीच मग लग्नाच्या बाकी कामालाबी ऱ्हाईल. सारखी बदलाबदली नको."

हे ऐकून हेमंतचा पान चघळणारा जबडा मध्येच थांबला. गुरुजींना ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्यांनी 'घाबरला' असा लावला. त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. झेंडूने सजलेली पांढरी गाडी, मागे मुंडावळ्या बांधलेला हरेश, पुढे चालवायला आपण, आणि मागून धूळ खात येणारी एक निळी गाडी.

त्याच दुपारी सगळे लवंडले असताना गुरुजी हेमंतच्या गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले. टायरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला त्यांनी मान एवढी वाकडी केली, की धाकट्या मेहुणीने, हेमंतच्या बायकोने, निशाने, मागून विचारलं तेव्हा ती सरळ होईना.

"दाजी, काय शोधताय?"

"चष्म्याचा स्क्रू पडला."

झालं. निशा बसली शोधायला. तिने आशालताला हाक मारली. सासूबाई, पुतळीआई, दुखरा गुडघा घेऊन ओटा उतरल्या. शेजारच्या दोन बायका सूप घेऊन आल्या, माती पाखडून बघू म्हणाल्या. शेवटी हेमंत डोळे चोळत बाहेर आला, गुरुजींच्या नाकावरच्या धडधाकट चष्म्याकडे बघून म्हणाला, "साडूभाऊ, साइज हवी असेल तर मी सांगतो की."

मनुष्य एखाद्याने केलेला अपमान सहन करेल, पण त्याचा चांगुलपणा कसा सहन करावा?

जव्हारला परतल्यावर गुरुजींनी टायर बदलायचं मनावर घेतलं. आता आपल्याकडे गोष्ट मनावर घेतली एकाने, की सल्ला द्यायला दहा जण हात पुसून तयार. शेजारच्या सकूआत्या म्हणाल्या, "सायकल बघा, किती बारीक चाक. थेंबभर तेल लागतं का तिला?" सायकलला तेल लागत नाही याचं कारण वेगळं आहे, हे गुरुजींनी तीनदा समजावलं. "तेच तर म्हणते मी," आत्या म्हणाल्या.

समोरच्या घरातला सौरभ बँकेत होता आणि गाड्यांची मासिकं वाचायचा. तो म्हणाला, "गुरुजी, सगळा खेळ रोलिंग रेझिस्टन्सचा आहे." मग त्याने रस्ता टायरला कसा मागे ओढतो ते अर्धा तास सांगितलं. तेव्हापासून गुरुजी आपल्या रुंद टायरांकडे बघत ते फुकट खाऊन मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याकडे बघतात तसे.

तिसरा सल्ला लाडकूचा. लाडकू जव्हार-दाभोसा जीप चालवायचा, आणि जीपमध्ये जेवढी माणसं मावतात त्याच्या दुप्पट न्यायचा, त्यामुळे वजन आणि तेल या विषयात त्याला मान होता. "गुरुजी, टायर कोनतापन टाका. हवा टाइट मारा. एकदम टनाटन. गाडी भागेगी अपने आप. आणि वजन काढा. जे जे निघतंय ते काढून घरी ठेवा."

टायर घ्यायला नाशिकला जायचं ठरलं. त्यासाठी रजा पाहिजे. गुरुजी सरळ माणूस, त्यांनी अर्जात 'टायर निवडण्यासाठी' असं कारण लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला.

"हे कारण नियमात बसत नाही."

"मग काय बसतं?"

"आजारपण, लग्नकार्य, मयत."

"लग्नकार्यच आहे. लग्नासाठीच टायर पाहिजेत."

"लग्न तुमच्या टायरचं आहे का? घरातलं कोणी आजारी दाखवा, मला सही करायला बरं."

गुरुजींनी पुष्कळ विचार केला. बायकोला आजारी दाखवावं तर ती समोरच बाजारात दिसणार. म्हणून सासूबाईंची प्रकृती अत्यवस्थ असल्याचं लिहून दिलं. दाभोसा लांब आहे, कोण जातंय बघायला.

गुरुजी पहाटे नाशिककडे गेले आणि सकाळच्या जीपने सासूबाई अत्यवस्थ असल्याची बातमी दाभोशाकडे गेली. दुपारपर्यंत मधुबाबांच्या अंगणात अर्धं गाव गोळा झालं. पुतळीआई तेव्हा परसात पापड वाळत घालत होत्या. माणसं हळू आवाजात बोलताहेत, बायका पदर डोळ्याला लावताहेत, हे बघून त्यांनाच धसका बसला. "कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

इकडे नाशिकच्या दुकानात शेठने विचारलं, "साहेब, ग्रिप पाहिजे की ॲव्हरेज?"

"माझ्या साडूकडे आहेत त्याच्यापेक्षा चांगले पाहिजेत."

शेठ धंद्यात मुरलेला होता. त्याने आणखी एक शब्द विचारला नाही. आतून बारीक, गुळगुळीत अंगाचे, काळेभोर रेडियल काढले आणि म्हणाला, "हे बसवा. साडू काय, साडूचा साहेब पण मागे राहील." गुरुजींना आयुष्यात इतका समजूतदार माणूस भेटला नव्हता.

नव्या टायरांवर गाडी बुटकी आणि जरा दुबळी दिसू लागली, पण चालायला लागली ती लोण्यासारखी. जुने चारही टायर गुरुजींनी टपावर बांधून घेतले. फेकून द्यायला जीव होईना. आशालता त्यांत गवती चहा लावेन म्हणाली होती.

मोखाड्याच्या अलीकडे नाक्यावर हवालदाराने काठी आडवी केली.

"टायर कुठे चाललेत?"

"घरी."

"कशाला?"

"गवती चहा लावायला."

हवालदाराने गुरुजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला उत्तर पटलं नाही, आणि त्याचंही बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी रास्ता रोको होता. रस्त्यात टायर पेटवल्याशिवाय रास्ता रोको झाल्यासारखा वाटत नाही, हे सगळ्यांनाच माहीत. आदल्या दिवशी चार टायर टपावर घेऊन चाललेला माणूस गवती चहाच्या गोष्टी सांगतो म्हणजे तो साधासुधा नसणार, म्होरक्याच असणार.

"मी शिक्षक आहे हो!"

"म्होरके शिकलेलेच असतात. आज शाळा नाही?"

"रजेवर आहे. सासूबाई अत्यवस्थ आहेत."

"सासू अत्यवस्थ आणि तुम्ही गवती चहा लावताय?"

गुरुजींना नाक्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. मोखाड्यात ओळखीचं कोणी आहे का, असं विचारल्यावर त्यांनी फार वेळ आठवून पाहिलं. एकच नाव येत होतं, आणि ते त्यांना घ्यायचं नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा घेतलं.

निळी गाडी आली. हेमंत उतरला, हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आमचे साडूभाऊ आहेत हो. हे कसला रस्ता अडवतायत? यांची गाडीच रस्त्यात अडते." हवालदार हसला. चहा आला. गुरुजींनी तो घोटाघोटाने असा घेतला की जणू काढा.

मग हेमंतची नजर नव्या टायरांवर गेली. गुरुजी याच क्षणाची वाट बघत होते.

"रेडियल?"

"रेडियल. तुमच्यापेक्षा बारीक. तुमच्यापुढच्या पिढीचे."

"वा! वा, वा!" हेमंतचा चेहरा खरोखर उजळला. त्याने गुरुजींचा हात हातात घेतला. "मग आता नवरदेव तुमच्याच गाडीत, साडूभाऊ. आपण तर सुटलो."

जळायला पाहिजे तो माणूस आनंदाने नाचतोय, हे बघून गुरुजींना घरापर्यंत चैन पडलं नाही. घरी आणखी एक निरोप वाट बघत होता. लाडकूने आणलेला, पुतळीआईंचा. "मी जित्ती हाय. जावयाला सांगा, लग्नापर्यंत तरी मारू नका."

मधुबाबांनी परीक्षेचा दिवस ठरवला. ॲव्हरेज काढायची त्यांची स्वतःची रीत होती. "पंपाचा काटा मला कळत नाय. बाटली कळते." आमच्या भागात पंप लांब असल्याने दुकानांतून पेट्रोल बाटलीने मिळतं, त्यामुळे दाभोशातलं सगळं मोजमाप बाटलीतच चालतं. दोन्ही गाड्यांच्या टाक्या नळी लावून कोरड्या करायच्या. प्रत्येकीत लिटरची एकच बाटली ओतायची. जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या पायथ्यापासून निघायचं. जी गाडी घराच्या जास्त जवळ पोचेल ती नवरदेवाची. उतारावर इंजिन बंद करायचं नाही. लबाडी होऊ नये म्हणून एका गाडीत मधुबाबा बसतील, दुसरीत पुतळीआई.

इथे गुरुजींना पहिला विजय मिळाला. मधुबाबा वाळक्या काटकीसारखे, तर पुतळीआई भरल्या कणगीसारख्या. "मी मोठा, बाबा माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी सासऱ्यांना हाताला धरूनच गाडीत बसवलं. हेमंत उलट सासूबाईंना म्हणाला, "या आई, आरामात बसा. ती पोतंभर भाजी पण घ्या आत."

गुरुजींनी लाडकूचा सल्ला अक्षरशः पाळला होता. मागची सीट काढून घरी ठेवली होती. स्टेपनी, जॅक, पाने, सगळं पलंगाखाली. खिशातला घराच्या चाव्यांचा जुडगासुद्धा आशालताकडे दिला. चाकांत हवा एवढी ठासून भरली होती, की टायरवर बोटाने टकटक केलं तर हंड्यासारखा आवाज यायचा. रस्त्यात चिंचोका आला तरी गाडी उडायची आणि मधुबाबांचं डोकं टपाला लागायचं.

"गुरुजी, ह्ये टायर हायेत का दगड?"

"रेडियल आहेत, बाबा."

अशी शर्यत जव्हार तालुक्याने कधी पाहिली नसेल. दोन्ही गाड्या इतक्या हळू चालल्या होत्या, की शिरपामाळावर फिरायला आलेली मुंबईची माणसं त्यांना बिघडल्या समजून ढकलायला धावली. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन दोघींच्या पुढे गेली, मागे वळून बघत गेली. हेमंत पुढे, गुरुजी मागे. गुरुजींना हे आवडलं नाही, पण पुढे काढायला तेल जास्त लागतं.

थोडं अंतर गेल्यावर समोरून जळका वास यायला लागला.

"कुणीतरी रान पेटवलंय," गुरुजी म्हणाले.

मधुबाबांनी खिडकीतून नाक बाहेर काढलं, दोनदा वास ओढला आणि काही न बोलता नाक आत घेतलं.

वास वाढत गेला. निळी गाडी चढाला कण्हायला लागली. गुरुजींच्या मनात एक गोड विचार आला, की हा रानाचा वास नाही, साडू जळतोय. आणि खरंच, एका मोहाच्या झाडाखाली निळी गाडी दोन आचके देऊन थांबली. पुतळीआई दार उघडून उतरल्या. "हेमंतराव, तुमची गाडी तर माझ्या गुडघ्यासारखी झाली. चढ आला की बसते."

गुरुजी बाजूने गेले. जाताना त्यांनी हॉर्न वाजवला. दोनदा.

घराच्या शेवटच्या वळणावर पांढऱ्या गाडीनेही धाप टाकली, पण पुढे उतार होता. ती घरंगळत, उड्या मारत अंगणात आली आणि पेंढ्याच्या उडवीला नाक टेकवून थांबली. पोरांनी आरडाओरडा केला. मधुबाबा डोकं चोळत उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गोवर्धनराव जिंकले."

गोवर्धनराव! गुरुजींनी आशालताकडे पाहिलं. या वेळी ती त्यांना हसत नव्हती, त्यांच्यासाठी हसत होती. मागून बैलजोडी हेमंतची गाडी ओढत आणताना दिसली, तेव्हा तर गुरुजींना वाटलं, हा दिवस इथेच थांबावा.

पण दिवस थांबला नाही. दुसऱ्याच सकाळी निरोप आला. "गोवर्धनराव, मांडवाचे बांबू आणायचेत." सीट परत बसवली होती ती पुन्हा काढून बांबू आणले. मग तांदळाची पोती. मग आचारी, आणि आचाऱ्याच्या कढया. मग विक्रमगडची मावशी, जिला गाडी लागते. ती वाटेत तीनदा लागली, एकदा तर गाडीतच. गुरुजींच्या सगळ्या रजा संपल्या. आता मुख्याध्यापकांकडे सांगायला आजारी नातेवाईकही उरले नाहीत. प्रत्येक फेरीला मधुबाबा बाटलीने मोजून तेल ओतायचे आणि म्हणायचे, "एवढ्यात तुमचीच गाडी पोचते."

हेमंत मात्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून मांडवात खुर्ची टाकून बसलेला असायचा. "आमच्या गाडीचा काय उपयोग? ती पडली तेलखाऊ," असं तो सुस्कारा टाकून म्हणायचा. लोक त्याची समजूत घालायचे. पुतळीआई त्याच्यापुढे पापडांची ताटली ठेवायच्या. "वाईट वाटून घेऊ नका हो, हेमंतराव." डोक्यावर कढई घेऊन बाजूने जाताना गुरुजींना त्या पापडांचा वास यायचा.

'असू दे,' ते मनाशी म्हणायचे. 'नवरदेव माझ्या गाडीत बसणार आहे.'

लग्नाच्या दिवशी आशालताने पहाटे उठून पांढरी गाडी धुतली, मावशीचा वास जावा म्हणून आत धूप फिरवला आणि बाहेरून झेंडूच्या माळा चढवल्या. गाडी अशी दिसत होती की गुरुजींनी स्वतःच तिच्याकडे दोनदा वळून पाहिलं. एवढ्यात मधुबाबा आले.

"गोवर्धनराव, वांगणीहून मंगळीला आणायचंय. तिला तिकडं नवरीच्या मांडवात सोडायची आणि नवरदेवासाठी माघारी यायचं."

मंगळी म्हणजे धवलेरी. लग्नाची गाणी गाणारी आणि लग्न लावणारी म्हातारी. तिने तोंड उघडल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही, आणि तिला मानाने न्यावं लागतं.

"हेमंतला पाठवा की!"

"त्याची गाडी वांगणीपर्यंत पोचंल का?"

गुरुजींनी किल्ली उचलली. त्यांनीच तर सिद्ध केलं होतं.

वांगणीचा रस्ता म्हणजे रस्ता इथे होणार आहे एवढीच खूण. ठासून हवा भरलेले बारीक टायर त्या दगडांवर चण्यासारखे उडत होते. जाताना निभावलं. येताना, मागे मंगळी मांडी घालून बसलेली, पुढचं चाक एका धारदार दगडावर आपटलं आणि असा आवाज झाला की जणू वरातीतला पहिला फटाका. स्टेपनी जव्हारला, पलंगाखाली होती.

नशिबाने लाडकूची जीप आली. "आजी, तुम्ही जीपमध्ये बसून पुढे चला," गुरुजींनी हात जोडले.

"ज्या गाडीत आणायला आले त्याच गाडीत मी जानार," मंगळी म्हणाली. "जीपीत गेली तर लोक म्हनतील, धवलेरी भाडं भरून आली. माझ्या आयनी असं केलं नाय, मी नाय करनार."

"पण लग्नाची वेळ टळेल!"

"माझ्याबिगर कसली वेळ?"

तेही खरंच होतं. शेवटी लाडकू स्वतःच्या जॅकवर चाक काढून स्टेपनी आणायला जव्हारला गेला. गुरुजी दगडावर बसले. मंगळीने वेळ जावा म्हणून गाणं सुरू केलं. धवलेरीच्या गाण्यात व्याह्या-जावयांची थट्टा असतेच, आणि जावई समोरच बसला होता.

*मोठा जावई आला गं, हवा भरून आला,*
*वाटेत दगड भेटला गं, फुस्स करून बसला.*

"दुसरं गाणं नाही का आजी?"

"हाय की. पन ह्ये आता मांडवात गाईन. चांगलं जमलं."

आणि तिने ते गायलं. पांढरी गाडी नवरीच्या मांडवापाशी पोचली तेव्हा सगळे खोळंबून उभे होते. गाडी थांबताच सगळं वऱ्हाड लगबगीने सामोरं आलं, बायकांनी आरती पुढे केली. गुरुजींनी सदरा झटकला आणि मान ताठ केली. आरती त्यांना वळसा घालून मागच्या दाराशी गेली. मंगळी उतरली.

मांडवाच्या दारात निळी गाडी उभी होती. स्वच्छ, पुसलेली, झेंडूने सजलेली.

"दाजी, रागावू नका," हरेश मुंडावळ्यांतून म्हणाला. "तुमची वाट बघून बघून थकलो. हेमंतदाजी म्हणाले, एका वेळचंच आहे, काढतो गाडी."

"आणि माळा?"

"माळा ताईने घातल्या. आशाताईने."

पंगतीत दोन्ही जावयांची ताटं शेजारी मांडली होती. हेमंत मन लावून जेवत होता. गुरुजी भातावर वरण ओढत होते, ओढतच होते.

"काल नाशिकला जाऊन आलो, साडूभाऊ," हेमंत सहज बोलल्यासारखा बोलला. "मागचे ब्रेक लायनर नवे टाकले. पार जळाले होते."

"कशाने?"

"शिरपामाळापासून हँडब्रेक ओढून गाडी चालवली की जळतातच." त्याने कढीचा भुरका घेतला. "काय करता? दोन वर्षं म्हशीच्या औषधापासून मावशीच्या उलटीपर्यंत सगळं याच गाडीने केलं. रविवारी तुमच्या खिडकीखालून जाताना वाटायचं, काय भाग्यवान माणूस, पडलाय आरामात. जळायचो मी तुमच्यावर. म्हणून तर हॉर्न वाजवायचो. झोप मोडावी तुमची, एवढाच हेतू."

इतके दिवस ज्या माणसावर आपण जळत होतो तो आपल्यावर जळत होता, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. कळलं असतं तर कसे मजेत गेले असते ते रविवार! आणि आता कळलं, तर तोही जळायचा थांबला. शिवाय त्या हँडब्रेकची कल्पना. साधी, बिनखर्चाची, हाताशी असलेली. ती आपल्याला का सुचली नाही? टायरवर जळून झालं होतं, ॲव्हरेजवर जळून झालं होतं. आता गुरुजी त्या हँडब्रेकवर जळायला लागले.

"गोवर्धनराव!" मांडवाच्या टोकाकडून हाक आली. "हात धुतले का? मावशीला इक्रमगडला सोडायचंय. मीबी येतो."

हेमंतच्या ताटात पुतळीआई दुसरा लाडू वाढत होत्या. ते न बघता गुरुजी उठले, गाडीत बसले. मावशी मागे बसली. मधुबाबा दुसऱ्या बाजूने पुढे येऊन बसायच्या आत गुरुजींनी डाव्या हाताने हळूच हँडब्रेक वर ओढला. अर्धाच. कुणाला कळणार नाही इतका.

मधुबाबांनी दार लावलं, नाक वर केलं आणि समोर बघत म्हणाले, "खाली करा त्यो. त्या दिसाचा वास अजून माझ्या नाकात हाय."

गुरुजींचा हात तिथेच राहिला. "म्हणजे बाबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"गाडीत कळत नाय, पर जळकं कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमचं तोंड बघितलं मी. इतकी वर्सं जावई हाव तुम्ही, एवढं खुशीत कधी नव्हतं." मधुबाबांनी कमरेची सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "म्हटलं, जिंकू द्या माझ्या मोठ्या जावयाला. आन् मलाबी गाडी पायजेच होती."

गुरुजींनी हँडब्रेक खाली केला. सुपारी तोंडात टाकली. मागून मावशीने उचकी दिली आणि विचारलं, "काच उघडते का रे बाबा ही?"

मांडवापुढून जाताना त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. हेमंतने लाडू धरलेला हात वर केला.